कस्तुरबा गांधी : सावलीपलीकडचे जीवन

प्रस्तावना

थोर पुरुषांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. त्यांची भाषणे, त्यांचे लढे, त्यांचा तुरुंगवास यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मात्र त्यांच्यासोबत आयुष्यभर चाललेल्या व्यक्तीचा उल्लेख बहुधा एखाद-दुसऱ्या ओळीत आटोपतो. त्या ओळीतले शब्दही ठरलेले असतात. पत्नी सोशिक होती, पतिव्रता होती, तिने सावलीसारखी साथ दिली, असे त्यात म्हटलेले असते. महात्मा गांधींच्या पत्नी कस्तुरबा यांच्या वाट्यालाही हेच शब्द आले. ते शब्द खोटे नाहीत; परंतु ते अपुरे आहेत. कस्तुरबांना स्वतःचे मत होते, स्वतःचा हट्ट होता आणि स्वतःचे धैर्यही होते. त्यांना पुरेसे लिहिता-वाचता येत नसल्यामुळे त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे त्यांच्या पतीच्या लेखणीतून आणि आश्रमातील सहकाऱ्यांच्या आठवणींतून आलेले आहे. म्हणून त्यांना ओळखायचे तर त्यांच्या कृतींकडे बारकाईने पाहावे लागते. या पाठात आपण तसेच पाहणार आहोत.

पोरबंदरची कस्तूर

काठियावाडच्या, म्हणजे आजच्या गुजरातमधील सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पोरबंदर हे बंदराचे गाव आहे. तेथे ११ एप्रिल १८६९ रोजी कस्तूरचा जन्म झाला. तिचे वडील गोकुळदास मकनजी कपाडिया हे गावातील प्रतिष्ठित व्यापारी होते. आईचे नाव व्रजकुंवरबा. घर सुखवस्तू होते, पण मुलींना शाळेत घालण्याची रीत त्या काळी नव्हती. घरकाम, व्रतवैकल्ये आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणे हेच मुलींचे शिक्षण मानले जाई. अशा वातावरणात कस्तूर अक्षरओळखीशिवाय वाढली.

त्याच गावात, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म झाला. म्हणजे कस्तूर मोहनदासपेक्षा काही महिन्यांनी मोठी. १८८३ च्या सुमारास दोघांचा विवाह झाला, तेव्हा नवरा शाळेत शिकत होता आणि दोघांनाही संसाराचा अर्थ पुरता कळत नव्हता.

किशोरवयीन मोहनदासच्या मनात पतीच्या अधिकाराच्या कल्पना भरलेल्या होत्या. पत्नीने आपल्या परवानगीशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नये, असे त्याला वाटे. कस्तूरने त्यावर वाद घातला नाही. सासूबाईंबरोबर देवळात जावे, नातलग स्त्रियांना भेटावे, हा तिचा नित्यक्रम तिने पूर्वीसारखाच चालू ठेवला. त्यात गैर काही नाही, हे तिला ठाऊक होते. नवरा रागावला, अबोला धरला गेला, पण तिने आपली रीत सोडली नाही. पुढे जगाला सत्याग्रहाची ओळख करून देणाऱ्या गांधीजींनी अहिंसेचा धडा आपण पत्नीकडून शिकलो, असे मोकळेपणाने मान्य केले. अन्यायाला हात न उगारता नकार देणे आणि त्यापायी होणारा त्रास शांतपणे सोसणे, ही रीत कस्तूरने कोणत्याही ग्रंथातून घेतलेली नव्हती.

मोहनदासला तिला शिकवायचेही होते. पण एकत्र कुटुंबात दिवसा पती-पत्नींनी एकमेकांशी बोलणेही अनुचित समजले जाई. रात्री शिकवावे तर शिक्षकाला धीर नसे आणि विद्यार्थिनीला गोडी नसे. त्यामुळे तो अभ्यास मागे पडला. १८८८ मध्ये मोहनदास बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला गेले. पहिले मूल जन्मानंतर काही दिवसांतच दगावले होते. आता लहानग्या हरिलालला घेऊन कस्तुरबाई तीन वर्षे सासरी राहिल्या. १८९१ मध्ये पती परतले. १८९२ मध्ये दुसरा मुलगा मणिलाल जन्मला आणि १८९३ मध्ये पती पुन्हा दूर, दक्षिण आफ्रिकेला गेले. विवाहानंतरच्या पहिल्या तेरा-चौदा वर्षांतील कितीतरी काळ त्यांनी वाट पाहण्यात घालवला.

दक्षिण आफ्रिकेतील घर

१८९६ च्या अखेरीस गांधीजी कुटुंबाला घेऊन दक्षिण आफ्रिकेला निघाले. कस्तुरबाई त्या वेळी गरोदर होत्या. डर्बनच्या बंदरात त्यांची आगबोट बरेच दिवस अडवून ठेवण्यात आली, कारण हिंदी लोकांच्या येण्याला तेथील गोऱ्या रहिवाशांचा तीव्र विरोध होता. १३ जानेवारी १८९७ रोजी कस्तुरबाई व मुले यांना आधी गाडीतून पारशी रुस्तमजी यांच्या घरी पोचवण्यात आले. मागून पायी आलेल्या गांधीजींवर जमावाने दगड, अंडी आणि लाथाबुक्क्यांचा मारा केला. परक्या देशातील पहिल्याच दिवशी कस्तुरबाईंनी जखमी पतीला पाहिले. सार्वजनिक जीवनाची किंमत काय असते, हे त्यांना तेव्हाच कळून चुकले.

डर्बनच्या त्या घरात गांधीजींचे कारकून कुटुंबातल्या माणसांसारखे राहत. खोल्यांत मोऱ्या नव्हत्या, म्हणून मलमूत्राची भांडी ठेवलेली असत. ती घरच्यांनीच साफ करावीत, असा गांधीजींचा नियम होता. एकदा अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातून आलेल्या एका ख्रिस्ती कारकुनाचे भांडे उचलण्याचा प्रसंग आला. ज्या संस्कारांत कस्तुरबाई वाढल्या होत्या, त्यांत हे काम त्यांना अतिशय अवघड वाटले. त्यांनी भांडे उचलले, पण डोळ्यांतून पाणी वाहत होते. काम हसतमुखाने झाले पाहिजे, असा पतीचा आग्रह. शब्दाने शब्द वाढला आणि गांधीजींनी त्यांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेले. परक्या मुलखात, जेथे माहेर नाही की नातेवाईक नाहीत, तेथे पत्नीला घराबाहेर काढायला निघालेल्या पतीला त्यांनी लाज वाटू द्या, असे सुनावले. गांधीजी भानावर आले आणि फाटक बंद झाले.

हा प्रसंग आपल्याला माहीत आहे, तो गांधीजींनीच तो लिहून ठेवला म्हणून. त्यांनी स्वतःला दोष दिला, हे त्यांचे मोठेपण. मात्र या प्रसंगाला दोन बाजू आहेत, हे वाचकाने विसरू नये. अस्पृश्यतेविरुद्धचा गांधीजींचा आग्रह योग्य होता. पण तो पत्नीवर लादण्याची त्यांची रीत अन्यायाची होती. कस्तुरबाईंचा संकोच चुकीच्या रूढीतून आला होता. पण आपल्या सन्मानासाठी त्यांनी केलेला प्रतिकार उचित होता.

१९०१ मध्ये गांधीजी भारतात परतायला निघाले तेव्हा हिंदी समाजाने त्यांना मौल्यवान भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबाईंसाठी पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार होता. सार्वजनिक सेवेचे मोल घेऊ नये, म्हणून सर्व भेटी परत करून त्यांचा विश्वस्त निधी करावा, असे गांधीजींनी ठरवले. कस्तुरबाईंनी कडाडून विरोध केला. उद्या सुना येतील, त्यांना काय द्यायचे, हा त्यांचा पहिला मुद्दा होता. दुसरा मुद्दा अधिक खोल होता. पतीने समाजाची सेवा केली असेल, तर त्या सेवेसाठी घरात रात्रंदिवस राबणाऱ्या पत्नीचीही ती सेवाच नव्हे काय? ज्याला त्याला घरात आश्रय दिला गेला, त्यांचे सारे करण्याचे कष्ट कोणाचे होते? हा युक्तिवाद गांधीजींना झोंबला. अखेर भेटी परत गेल्या आणि विश्वस्त निधी झाला. गृहिणीच्या श्रमांना मोल नसते, या समजुतीला एका निरक्षर स्त्रीने इतक्या नेमक्या शब्दांत आव्हान दिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आजारपण आणि निर्धार

काही काळाने गांधीजी पुन्हा दक्षिण आफ्रिकेला गेले आणि मागोमाग कुटुंबही गेले. डर्बनजवळच्या फिनिक्स आश्रमात साधे, श्रमाचे जीवन सुरू झाले. १९०८ मध्ये कस्तुरबा गंभीर आजारी पडल्या, तेव्हा गांधीजी तुरुंगात होते. दंड भरला असता तर त्यांना सुटून येता आले असते. परंतु लढ्याच्या तत्त्वासाठी त्यांनी तो भरला नाही. कस्तुरबांनी ते दुखणे पतीवाचून सोसले.

त्यानंतर डर्बनला त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. प्रकृती इतकी क्षीण होती की भूल देणेही शक्य नव्हते. शस्त्रक्रियेनंतर अशक्तपणा वाढला, तेव्हा गोमांसाचा रस देणे आवश्यक आहे, असे डॉक्टरांचे मत पडले. गांधीजींनी निर्णय पत्नीवर सोपवला. कस्तुरबांनी तो रस घेण्यास ठाम नकार दिला. डॉक्टर ऐकेनात, तेव्हा भर पावसात त्यांना फिनिक्सला हलवण्यात आले. वाटेत पतीचाच धीर खचू लागला आणि मरणाच्या दारातून निघालेली पत्नी त्यांना धीर देत होती. पुढे त्या हळूहळू बऱ्या झाल्या.

पहिला तुरुंगवास

मार्च १९१३ मध्ये केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. ख्रिस्ती पद्धतीने न झालेले आणि नोंदणी न झालेले विवाह त्यानुसार कायदेशीर ठरत नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील बहुसंख्य हिंदू, मुसलमान व पारशी स्त्रिया एका क्षणात बेकायदा पत्नी ठरल्या आणि त्यांच्या मुलांचे हक्क धोक्यात आले. आजवर लढा पुरुषांचा होता. आता अपमान थेट स्त्रियांचा झाला होता.

फिनिक्समधील इतर स्त्रियांना गांधीजींनी तुरुंगात जाण्याविषयी विचारले. पत्नीला मात्र त्यांनी विचारले नव्हते, कारण ती केवळ पतीच्या शब्दाखातर होकार देईल, अशी त्यांना शंका होती. हे बोलणे कस्तुरबांच्या कानावर गेले. आपल्यात असे काय उणे आहे की आपल्याला या लढ्यातून वगळावे, असा सवाल त्यांनी पतीला केला. तुरुंगात गेल्यावर मन डगमगले तर काय, ही गांधीजींची शंकाही त्यांनी झटकून टाकली.

१५ सप्टेंबर १९१३ रोजी सोळा जणांची तुकडी फिनिक्सहून निघाली. तिच्यात कस्तुरबांसह चार स्त्रिया होत्या. परवान्याशिवाय ट्रान्सवालची सीमा ओलांडल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. कस्तुरबा त्या वेळी ४४ वर्षांच्या होत्या. डिसेंबरमध्ये त्या सुटल्या तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळली होती. पण या स्त्रियांच्या तुरुंगवासाने हिंदी समाज पेटून उठला. नाताळमधील हजारो खाणकामगार व मळेकामगार संपात उतरले. १९१४ च्या कायद्याने हिंदी विवाहांना मान्यता मिळाली आणि गिरमिटमुक्त मजुरांवरील तीन पौंडांचा जाचक करही रद्द झाला. ज्या स्त्रीच्या विवाहाला न्यायालय विवाह मानत नव्हते, तिने त्या विवाहाची मान्यता तुरुंगात जाऊन मिळवली होती.

आश्रमाची बा

९ जानेवारी १९१५ रोजी गांधी दांपत्य मुंबईच्या बंदरात उतरले. त्याच वर्षी अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम सुरू झाला आणि १९१७ मध्ये तो साबरमतीच्या काठी हलवण्यात आला. आश्रमातील सर्वांच्या त्या बा झाल्या. गुजरातीत बा म्हणजे आई. स्वयंपाकघर, आजाऱ्यांची शुश्रूषा, पाहुण्यांचे येणेजाणे हे सारे त्यांच्या देखरेखीखाली चाले.

आश्रम सुरू होऊन काही महिने झाले असतील, तोच दुदाभाई, त्यांची पत्नी दानीबेन आणि मुलगी लक्ष्मी हे अस्पृश्य मानले गेलेले कुटुंब तेथे राहायला आले. शहरातील धनिकांनी मदत बंद केली. आश्रमातही कुरबूर सुरू झाली आणि ती करणाऱ्यांत कस्तुरबा होत्या. जुने संस्कार एका दिवसात पुसले गेले नाहीत. मात्र त्या बदलल्या. लक्ष्मी पुढे आश्रमाचीच मुलगी म्हणून वाढली. कस्तुरबांचा हा प्रवास सोपा नव्हता, म्हणूनच तो अधिक महत्त्वाचा आहे. समजून, अडखळून, स्वतःशी झगडून झालेला बदलच टिकतो.

१९१७ मध्ये बिहारमधील चंपारण्यात निळीच्या शेतकऱ्यांचा लढा झाला. त्यानंतर गांधीजींनी तेथील खेड्यांत शाळा सुरू केल्या. त्यासाठी महाराष्ट्रातूनही कार्यकर्ते गेले होते. मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन या त्यांपैकी होत. कस्तुरबांना भितिहरवा या गावी पाठवण्यात आले. ज्यांना धड हिंदी येत नाही त्यांनी मुलांना काय शिकवावे, असा प्रश्न होता. अक्षरांहून स्वच्छतेचे व चांगल्या वागणुकीचे धडे आधी द्यावेत, असे ठरले.

त्याच भागातील एका लहान खेड्यात स्त्रियांचे कपडे फार मळलेले दिसत. त्या कपडे का धूत नाहीत, हे कस्तुरबांनी विचारले. तेव्हा एका स्त्रीने त्यांना आपल्या झोपडीत नेऊन दाखवले. तेथे पेटी नव्हती, दुसरे लुगडेही नव्हते. अंगावर होते तेवढेच वस्त्र. ते धुवायचे तर नेसायचे काय? स्वच्छता शिकवायला गेलेल्या कस्तुरबांना त्या झोपडीत गरिबीचे खरे रूप दिसले. त्या स्त्रीने आपले दुःख पुरुष कार्यकर्त्यांना सांगितले नसते. ते कस्तुरबांना सांगितले आणि त्यांच्यामार्फत ते देशापर्यंत पोचले.

मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा कस्तुरबांनी देशवासीयांना उद्देशून निवेदन काढले. पतीच्या शिक्षेचे दुःख व्यक्त करून त्यांनी खादी वापरण्याचे, सूत कातण्याचे आणि विधायक कामाला वेग देण्याचे आवाहन केले. मिठाच्या सत्याग्रहानंतर स्त्रिया दारूच्या दुकानांसमोर निरोधनाला उभ्या राहिल्या, तेव्हाही त्या आघाडीवर होत्या. पुढे त्यांना वारंवार तुरुंगात जावे लागले. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी पुण्याच्या येरवडा तुरुंगात उपोषण केले, तेव्हा साबरमतीच्या तुरुंगात असलेल्या कस्तुरबांना त्यांच्याजवळ आणण्यात आले. १९३९ मध्ये राजकोट संस्थानातील प्रजेचा लढा सुरू झाला. राजकोट म्हणजे आपले घर, तेथील स्त्रिया तुरुंगात जात असताना आपण दूर कसे राहावे, असे म्हणून सत्तरीच्या उंबरठ्यावरील कस्तुरबा तेथे गेल्या आणि त्यांना स्थानबद्ध करण्यात आले.

उघड्यावरचा संसार

नेत्याच्या पत्नीचे जीवन लोकांच्या नजरेसमोर असते. कस्तुरबांच्या बाबतीत तर घराच्या भिंतीच नव्हत्या. गांधीजींची आत्मकथा १९२५ पासून साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात त्यांच्या तरुणपणाचे, भांडणांचे, अगदी शयनगृहातील गोष्टींचेही उल्लेख होते. सारा देश ते वाचत होता. ज्यांच्याविषयी ते लिहिले होते, त्यांना मात्र आपली बाजू लेखणीने मांडता येत नव्हती.

१९२९ मध्ये गांधीजींनी आपल्या पत्रात आणखी एक गोष्ट जाहीर केली. लोकांनी वेळोवेळी कस्तुरबांना दिलेले शे-दोनशे रुपये त्यांनी आश्रमाच्या कचेरीत जमा न करता स्वतःजवळ ठेवले होते. ते उघड झाले, त्यांनी पश्चात्ताप व्यक्त केला, आणि पुढे पुन्हा चार रुपये जमा करायचे राहून गेले. अपरिग्रहाच्या व्रताचा हा भंग आहे, असे म्हणून गांधीजींनी तो सर्वांसमोर मांडला. त्याच लेखात त्यांनी पत्नीच्या गुणांचाही गौरव केला. तरीही चार रुपयांसाठी ज्यांचे नाव देशभर छापले गेले, त्या साठ वर्षांच्या स्त्रीच्या मनाला काय वाटले असेल, याचा विचार वाचकाने करायला हवा.

१९३८ मध्ये ओरिसातील मुक्कामात कस्तुरबा जगन्नाथपुरीच्या मंदिरात दर्शनाला गेल्या. त्या मंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. गांधीजींना हे कळले तेव्हा त्यांना तीव्र दुःख झाले आणि त्यांची प्रकृती बिघडली. कस्तुरबांनी आपली चूक सरळ मनाने कबूल केली. त्या श्रद्धाळू होत्या. देवदर्शनाची ओढ आणि पतीचे तत्त्व यांत त्यांची ओढाताण होई. ती त्यांनी कधी लपवली नाही.

सर्वांत मोठे दुःख थोरल्या मुलाचे होते. हरिलाल वडिलांपासून दुरावले, व्यसनाधीन झाले. १९३६ मध्ये त्यांच्या वर्तनाने व्यथित झालेल्या आईचे अनावृत पत्र वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. मायलेकरांचे नाते मात्र तुटले नाही. एकदा गांधी दांपत्य आगगाडीने जात असता कटनी स्थानकावर गर्दीत गांधीजींचा जयजयकार चालला होता. त्यात एकच आवाज माता कस्तुरबांचा जयजयकार करीत होता. तो हरिलालचा होता. फाटक्या कपड्यांतील त्या मुलाने आईसाठी एक संत्रे आणले होते आणि ते तिनेच खावे असा त्याचा हट्ट होता. गाडी सुटली तेव्हा मुलाला खायला काहीच दिले नाही, हे आईच्या ध्यानात आले. डब्यात फळे होती, पण मुलगा मागे राहिला होता. लोक त्यांना राष्ट्रमाता म्हणत. त्या क्षणी त्या केवळ एका मुलाची आई होत्या.

वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात आजही त्यांची कुटी आहे. सुरुवातीला सर्वजण एकाच घरात राहत. सदैव माणसांच्या वर्दळीत कस्तुरबांची फार कुचंबणा होई. ती ओळखून जमनालाल बजाज यांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली. ती लहानशी वास्तू पाहिली की त्यांच्या साध्या गरजेची जाणीव होते.

शेवटचा तुरुंग

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवरील सभेत ते बोलणार होते. कस्तुरबांना पतीसोबत जाण्याची मुभा होती, पण त्यांनी ती घेतली नाही. पतीच्या जागी आपण सभेत बोलू, असे त्यांनी ठरवले. सभेला पोचण्यापूर्वीच त्यांनाही अटक झाली. आधी मुंबईच्या तुरुंगात ठेवून नंतर त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणण्यात आले. १५ ऑगस्टला तेथेच गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचे अचानक निधन झाले. पुत्रवत महादेवचा मृत्यू कस्तुरबांच्या जिव्हारी लागला.

त्या बंदिवासात साठ वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेला अभ्यास पुन्हा सुरू झाला. ७३ वर्षांच्या कस्तुरबांना गांधीजी गुजराती वाचन, इतिहास व भूगोल शिकवू लागले. देशांची, प्रांतांची नावे लक्षात राहत नसत. त्या पुन्हा पुन्हा घोकत. एकदा त्यांनी लिहिण्यासाठी वही मागितली. अक्षर सुधारेपर्यंत सुट्या कागदांवर लिहावे, असे गांधीजींनी सुचवले. कस्तुरबांना ते फार लागले. पुढे वही आली, पण त्यांनी ती वापरली नाही. वयस्कर विद्यार्थ्यालाही मान असतो आणि तो जपावा लागतो, हे या लहानशा प्रसंगातून कळते.

१९४३ च्या अखेरीपासून त्यांचे हृदय दुर्बळ होत गेले. धाकटा मुलगा देवदास याने त्या काळी दुर्मीळ असलेले पेनिसिलीन विमानाने मागवले. परंतु आशा उरली नसताना सुया टोचून अधिक वेदना देऊ नयेत, असे गांधीजींना वाटले आणि ते दिले गेले नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, पतीच्या मांडीवर डोके ठेवून त्यांनी प्राण सोडला. गांधीजींनी कातलेल्या सुताच्या साडीत त्यांचा देह गुंडाळण्यात आला. दुसऱ्या दिवशी पॅलेसच्या आवारातच, महादेवभाईंच्या समाधीशेजारी, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ज्या लढ्यासाठी त्या तुरुंगात होत्या, त्याचे यश पाहण्यापूर्वीच त्या गेल्या. मृत्यूसमयी त्या ब्रिटिश सरकारच्या कैदी होत्या.

प्रतिमा आणि व्यक्ती

कस्तुरबांच्या स्मरणार्थ ७५ लाख रुपयांचा निधी उभारण्याचा संकल्प झाला आणि लोकांनी त्याहून अधिक रक्कम दिली. खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्या सेवेसाठी त्यातून राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट उभा राहिला. १९६४ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. १९८२ च्या गांधी या चित्रपटात मराठी अभिनेत्री रोहिणी हट्टंगडी यांनी त्यांची भूमिका केली. २००४ मध्ये वंचित समाजांतील मुलींसाठी सुरू झालेल्या निवासी शाळांना कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय हे नाव देण्यात आले. जिला लहानपणी शाळा मिळाली नाही, तिच्या नावाने देशभर मुली शिकू लागल्या.

स्मारकांमध्ये मात्र एक धोका असतो. ती माणसाला मूर्ती बनवतात. कस्तुरबांची मूर्ती नेहमी खाली मान घालून पतीच्या मागे उभी असलेली दाखवली जाते. आपण पाहिलेले चरित्र त्याहून वेगळे आहे. त्या पतीच्या मागे गेल्या, पण डोळे मिटून नव्हे. त्यांनी विरोध केला, वाद घातले, चुका केल्या, त्या सुधारल्या. जे पटले त्यासाठी तुरुंगात गेल्या आणि जे पटत नव्हते ते पटेपर्यंत त्यांनी वेळ घेतला. गांधीजींचे प्रयोग ज्या घरात झाले, ते घर त्या चालवत होत्या. त्या प्रयोगांची झळ त्यांना सर्वांत आधी लागत होती. त्यांना केवळ सावली म्हटले, तर या साऱ्या कष्टांचा आणि धैर्याचा हिशेब कोठेच लागत नाही.

स्वाध्याय

१. १९०१ मध्ये भेटवस्तूंविषयी कस्तुरबांनी मांडलेला दुसरा मुद्दा तुमच्या शब्दांत लिहा. तो आजच्या काळाला कसा लागू पडतो?
२. १९१३ च्या न्यायालयीन निकालामुळे हिंदी स्त्रियांपुढे कोणते संकट उभे राहिले?
३. चंपारण्यातील झोपडीत कस्तुरबांना काय दिसले? त्यावरून त्या काय शिकल्या असाव्यात?
४. डर्बनच्या घरातील प्रसंगात पती व पत्नी यांच्यापैकी कोणाचे काय योग्य व काय अयोग्य होते, ते सकारण सांगा.
५. वही न वापरण्यामागे कस्तुरबांची कोणती भावना असेल? मोठ्या वयात शिकणाऱ्या व्यक्तीशी इतरांनी कसे वागावे, यावर आठ-दहा ओळी लिहा.
६. तुमच्या कुटुंबातील किंवा शेजारच्या एखाद्या वयस्कर स्त्रीशी बोला. तिने केलेल्या, पण कोणी नोंद न घेतलेल्या कामांविषयी एक परिच्छेद लिहा.